आठ सोमवार चुकीच्या आमदारांच्या दारात

परळची_सून | ८ जुलै २०२५, रात्री ११.४०

आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे हसून झालं की उत्तरं द्याल.

आमची चाळ परळची. तळमजला अधिक तीन, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत), प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. त्यांचे बिडाचे पाइप मागच्या घरगल्लीत उतरतात. घरगल्ली ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दोन जुन्या इमारतींच्या पाठी जिथे समोरासमोर येतात तिथे चार-पाच फुटांची फट सोडलेली असते, सफाई कामगारांना मागच्या मागे येता यावं म्हणून. आता त्या फटीत पाइप, घुशी, आणि वरून पडलेल्या कपड्यांचे चिमटे असतात. तर आमच्या घरगल्लीत दुसऱ्या मजल्याच्या सांध्याला पाइप फुटलाय. मे महिन्यात नुसता पाझरत होता. पाऊस लागला आणि धार सुरू झाली. तळमजल्याच्या तीन खोल्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तिकडे उघडतात. म्हणजे उघडायच्या. तीन नंबरच्या आजींनी आधी खिडकीला पुठ्ठा लावला, तो भिजून लोंबायला लागला, आता त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, कापून, सुईदोऱ्याने जोडून पडदा केलाय. त्याच्याकडे बघून मला रात्री झोप लागत नाही.

मार्चमध्ये चाळ कमिटीने मला सेक्रेटरी केलं. कारण काय, तर ‘तू बँकेत आहेस, तुला अर्ज लिहिता येतात’. नगरसेवक कोणी नाहीतच, ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली ती संपलीच. मग ठरलं, आमदारांकडे जायचं. मी ‘मा. आमदार साहेब यांस’ असं माथ्यावर टाइप करून ४८ सह्या गोळा केल्या आणि नाक्यापलीकडे ज्यांचा मोठा बोर्ड रोज बसमधून दिसतो, तिथे १२ मे ला अर्ज देऊन आले. त्यानंतर दर सोमवारी ऑफिसला जाताना डोकवायचे. ‘बघतो ताई.’ ‘साहेब दौऱ्यावर आहेत ताई.’ काल आठव्या सोमवारी तिथल्या मुलाने इमारतीचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं, मतदार यादी चाळली आणि अगदी ओशाळून म्हणाला, “ताई, तुमचं मतदान आमच्याकडे नाहीच. रस्त्याच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला ते.”

तुम्ही म्हणाल, चाळीतल्या ४८ माणसांपैकी एकालाही आपला आमदार माहीत नव्हता का? सगळ्यांना माहीत होता. मी अर्ज कुठे देणार हे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझं स्वतःचं नाव अजून माहेरी खेडच्या यादीत आहे, नवरा जहाजावर असतो. सासूबाईंनी त्यांचं जुनं मतदान कार्ड काढून दाखवलं, त्यावर मतदारसंघ ‘परळ’. मी शोधायला गेले तर परळ नावाचा मतदारसंघच नाही!

आता बरोबर नाव कळलंय. (लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं रणांगण होईल.) प्रश्न दोन. हे परळ गेलं कुठे? आणि मुख्य म्हणजे, फुटलेला पाइप हे आमदाराचं काम आहे का? पुन्हा आठ सोमवार घालवायचे नाहीत.

---

बाळ्या_लालबाग | ८ जुलै, रात्री ११.५२

आठ झालेच आहेत तर सोळा सोमवार पूर्ण करून उद्यापन करा. शंकर पावेल, आमदाराचं सांगता येत नाही.

---

जुना_मास्तर | ९ जुलै, सकाळी ६.१५

सूनबाई, सासूबाईंचं कार्ड जपून ठेवा. ते आता इतिहासाचं कागदपत्र आहे.

मी परळच्याच एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि शिकवण्याइतकीच निवडणुकीची ड्युटी केली, त्यामुळे ही नावं मला हजेरीपटासारखी पाठ आहेत. शहर भागात तेव्हा १७ मतदारसंघ होते : कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, मलबार हिल, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी, वरळी, नायगाव, दादर, माटुंगा, माहीम, धारावी. उपनगरात १७. एकूण ३४. मग २००१ च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि २००९ च्या निवडणुकीपासून शहराला उरले १० आणि उपनगर झालं २६. गिरण्या बंद पडल्या, माणसं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, कोणी बोरिवली-दहिसरला. माणसं गेली तशा जागाही गेल्या. दहा जुनी नावं पुसली, वडाळा, सायन कोळीवाडा आणि भायखळा ही तीन नवी आली. दादरच्या माणसाला आज तुम्ही कुठले विचारलं तर दादर म्हणेल, पण दादर नावाचा आमदार नाही. पश्चिमेचा दादरकर माहीमला मत देतो, पूर्वेचा हिंदू कॉलनीवाला वडाळ्याला.

परळ हे नाव जाणं मला मात्र लागलं. कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई परळचे आमदार होते. ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला. त्या जागी पोटनिवडणूक झाली, एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला वामनराव महाडिक. महाडिक जिंकले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. मी तेव्हा शाळकरी पोरगा. गिरणगावाचा लाल रंग कोणत्या दिवशी उतरायला लागला असं कोणी विचारलं तर मी त्या मतमोजणीच्या दिवसाकडे बोट दाखवतो. माझगावला १९९५ साली छगन भुजबळांना बाळा नांदगावकरांनी पाडलं, त्याच वर्षी दादरचे आमदार मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. ही तिन्ही नावं, परळ, माझगाव, दादर, आज यादीत नाहीत.

उलट उदाहरणही आहे. नायगाव गेलं, पण नायगावचे आमदार गेले नाहीत. कालिदास कोळंबकर १९९० पासून नायगावातून निवडून येत होते, २००९ पासून वडाळ्यातून येतात. शिवसेना, काँग्रेस, भाजप असे तीन पक्ष झाले, २०२४ ला नवव्यांदा आमदार. २०१९ ला आणि २०२४ ला नव्या सभागृहात बाकीच्यांना शपथ देणारे हंगामी अध्यक्ष तेच होते.

एक गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे. मुंबईत खासदार सहा, आणि प्रत्येक खासदाराखाली आमदार सहा. सहा सक छत्तीस. तुमच्या परळ-लालबागचा बराचसा भाग शिवडीत, काही वडाळ्यात, आणि रेल्वे ओलांडली की वरळी. शिवडी आणि वरळी दक्षिण मुंबईत येतात, वडाळा दक्षिण मध्य मुंबईत. म्हणजे रस्ता ओलांडला तर आमदारच काय, खासदारही बदलू शकतो.

---

डोळस_मतदार | ९ जुलै, सकाळी ९.०३

काय उपयोग ह्या छत्तीसांचा? भाजप १५, उद्धव सेना १०, शिंदे सेना ६, काँग्रेस ३, राष्ट्रवादी १, सपा १. कोणी कोणाच्या बाजूने कधी उडी मारेल सांगता येत नाही आणि ताई पाइप घेऊन बसल्यात.

---

बाळ्या_लालबाग | ९ जुलै, सकाळी ९.१०

निदान आपल्या माहीमचा निकाल तरी आठवा. १,३१६ मतांनी फैसला. आमच्या दोन चाळींतली माणसं मोजली तर तेवढी भरतील. एकेक मत म्हणतात ते हे.

---

डोळस_मतदार | ९ जुलै, सकाळी ९.१४

आणि अंधेरी पूर्वची २०२२ ची पोटनिवडणूक विसरलात? ऋतुजा लटके पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, १२,८०६ मतं. माझा आवडता उमेदवार. कधी पक्ष बदलत नाही.

---

निवृत्त_स्वीय_सहायक | ९ जुलै, दुपारी ३.३०

वरचं राजकारण बाजूला ठेवा. मी एका आमदारांच्या कार्यालयात १९ वर्षं कागद सांभाळले. कोणते, कोणत्या पक्षाचे, विचारू नका, सांगणार नाही.

ताई, पहिल्यांदा तुमच्या अर्जाबद्दल. खरं सांगा, त्यात किती विषय होते? माझा अंदाज : पाइप, घुशी, बाहेरचा बंद पडलेला दिवा, दुचाक्यांचं पार्किंग, आणि शेवटी ‘तरी चाळीच्या पुनर्विकासाबाबतही लक्ष घालावे’. असा अर्ज आला की मी काय करायचो ते सांगतो. माझ्या टेबलावर तीन गठ्ठे असायचे. एकावर पितळी पेपरवेट, तो महापालिकेचा. एकावर काचेचा, आत फूल असलेला, तो म्हाडाचा. तिसऱ्यावर वजन नाही, तो साहेबांच्या सहीचा, कारण तो रोज हलायचा. पाच विषयांचा अर्ज तिन्हींत बसत नाही. तो टेबलाच्या कडेला राहतो, मग खिडकीत, मग चहाच्या ट्रेखाली. कोणाची दुष्टाई नसते त्यात. म्हणून एक अर्ज, एक विषय. पाच विषय असतील तर पाच कागद.

आता पाइप हे आमदाराचं काम आहे का. नाही. आणि हो.

नाही, कारण आमदार हा नगरसेवक नव्हे. त्याचं पहिलं काम विधान भवनात. कायदे, अर्थसंकल्प, सरकारला प्रश्न. गटार, दिवा, कचरा, पाणी ही महापालिकेची खाती. मुंबईत नगरसेवक २२७, म्हणजे एका आमदाराच्या हद्दीत सरासरी सहा-सात. गेली तीन वर्षं ते सगळे घरी बसलेत, आणि त्या सहा-सात जणांकडे जाणारी माणसं एका आमदाराच्या दारात उभी राहतात. वडाळ्यासारख्या मतदारसंघात दोन लाखांच्या आसपास मतदार, चांदिवलीत चार लाखांवर. माझ्या वेळी नगरसेवक होते तरी दहातली आठ कामं आमदाराची नसायची. शाळेतला प्रवेश, इस्पितळातली खाट, रेशनकार्ड, मुलाची नोकरी, एकदा तर एक गृहस्थ जावयाला समज द्या म्हणून आले होते. (दिली. फोनवर.)

हो कसं, ते आता.

लोकांना वाटतं आमदाराची ताकद म्हणजे निधी. वर्षाला ५ कोटी मिळतात. ऐकायला मोठे. छत्तीस आमदारांचे मिळून १८० कोटी. महापालिकेचं यंदाचं बजेट ७४,४२७ कोटी. दर्यामें खसखस. शिवाय तो पैसा साहेबांच्या कपाटात नसतो. साहेब फक्त काम सुचवतात. पत्र जातं जिल्हाधिकाऱ्यांकडे, तुमच्या शहर जिल्ह्याचं कार्यालय फोर्टात जुन्या जकात घरात, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. मग ज्या यंत्रणेने काम करायचं तिचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ह्या सगळ्यातून जाऊन तुमच्या पाइपाला नवा सांधा बसेपर्यंत तीन नंबरच्या आजींनी दुसरा पडदा शिवलेला असेल. निधी मागा, पण पूर्ण घरगल्लीच्या लादीसाठी, चेंबरसाठी. फुटलेल्या पाइपासाठी नको.

दुसरी समजूत, पत्राची. ‘साहेबांचं पत्र मिळालं’ म्हणून लोक पेढे वाटायचे. पत्रांत फरक असतो. ‘सदर अर्ज सोबत जोडला असून नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ हे पत्र म्हणजे काहीच नाही, ते मी दिवसाला चाळीस टाइप करायचो. ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अमुक तारखेपर्यंत मला सादर करावा’ ह्या पत्राला किंमत आहे, कारण त्यात तारीख आहे आणि ‘मला’ आहे. पत्र हातात घेतल्यावर शेवटचं वाक्य वाचा. वरचं सगळं नमस्कार-चमत्कार.

तिसरं, सभागृह. पावसाळी अधिवेशन चालू आहे, ३० जूनला सुरू झालं, १८ जुलैपर्यंत. आता कोणी सांगेल, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं तो) टाकायला सांगा. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावा लागतो, ती गाडी गेली. आणि एका चाळीच्या पाइपासाठी लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावा म्हणणं म्हणजे सुईसाठी मुसळ. तुम्हाला खरंच सभागृहापर्यंत न्यायचं असेल तर प्रश्न मोठा करा : उपकरप्राप्त इमारतींच्या घरगल्ल्या नक्की कोणाच्या ताब्यात? सुरुवातीला अशा इमारती १९,६४२ होत्या, आज तेरा हजारांच्या घरात आहेत. प्रत्येकीच्या पाठीला फट. ह्यावर डिसेंबरात नागपूरला प्रश्न लागू शकतो, कारण म्हाडा सरकारची. त्यासाठी साहेबांना पुढच्या महिन्यातच कागद द्या, टिपण करून द्या, कारण आमदारांकडे टिपणं काढायला माणूस नसतो, असतो तो माझ्यासारखा, आणि तो पेपरवेट सांभाळत बसलेला असतो.

आता आमदाराची खरी ताकद. १९ वर्षांत मला एकच दिसली. दोन खात्यांचे दोन अभियंते एकाच वेळी एकाच जागी उभे करणं.

तुमच्या पाइपाचं काय होणार ते मी इथून सांगतो. एक खातं म्हणेल, पाइप भिंतीला आहे, इमारतीचा भाग आहे, घरमालक नाहीतर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ बघेल. दुसरं म्हणेल, पाणी जमिनीवर साठतंय, चेंबर तुंबलाय, ते महापालिकेचं. दोघंही खरं बोलत असतात! पाइप भिंतीला आणि चेंबर जमिनीत, मधे एक फूट अंतर, आणि त्या एका फुटात वर्षं जातात. ह्याला औषध म्हणजे संयुक्त पाहणी. आमदार म्हणतो, अमुक दिवशी अकरा वाजता मी घरगल्लीत येतोय, तुम्ही दोघं या. स्वतः आला नाही तरी चालतं, पण तो येणार असं त्यांना वाटलं पाहिजे. दोघं समोरासमोर आले की ‘ते त्यांचं’ असं म्हणता येत नाही, कारण ‘ते’ शेजारीच नाकाला रुमाल लावून उभे असतात.

म्हणून अर्जात निधी मागू नका, पाइप दुरुस्त करा असंही लिहू नका. लिहा : ‘दोन्ही यंत्रणांची संयुक्त पाहणी लावून द्यावी.’ एक ओळ. सोबत तीन फोटो, एकात फूटपट्टी धरा. अर्ज आवक नोंदवहीत चढवायला लावा, क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे मारुतीच्या कानात सांगितलेली गोष्ट. आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी सगळा गाव येतो.

---

परळची_सून | ९ जुलै, रात्री ९.२०

काका, पाच विषय होते. पार्किंगऐवजी कबुतरं, बाकी तुम्ही म्हणालात तेच, पुनर्विकाससुद्धा. मला वाटलं इतक्या सह्या घेतल्यात तर सगळंच लिहून टाकू. आणि पोच घेतली नव्हती. बँकेत कस्टमरने पोच न घेता चेक टाकला की मी किती बोलते, ते आज मला सगळं ऐकू आलं.

एक विचारायचं आहे. माझं नाव इथल्या मतदार यादीत नाही हे अर्ज देताना अडेल का? आणि चुकीच्या कार्यालयात दिलेला तो अर्ज परत मागू, की तिथूनच पुढे पाठवा म्हणू?

---

निवृत्त_स्वीय_सहायक | ९ जुलै, रात्री १०.०५

अडत नाही. अर्ज चाळ कमिटीचा आहे, तुमचा नाही. पण नाव इकडे आणाच. अर्ज घेणारा पोरगा यादीत बघतो, कायद्याने नाही तर सवयीने.

तो अर्ज तिथेच राहू द्या. एका आमदाराने दुसऱ्याच्या हद्दीतला कागद पाठवला तर पलीकडच्याला वाटतं आपल्या घरात नाक खुपसलं. दोघं एका पक्षाचे असले तर जास्तच वाटतं. नवीन लिहा.

---

पारलेकर_उमा | १० जुलै, सकाळी ८.४५

विधान परिषदेला सगळेच विसरतात. तुमच्या चाळीत पदवीधर असतील तर त्यांचा आणखी एक आमदार आहे, मुंबई पदवीधर मतदारसंघाचा. तो अख्ख्या मुंबईचा, त्यामुळे रस्त्याची ही बाजू-ती बाजू भानगडच नाही. शिक्षकांचा वेगळा. २०२४ च्या जूनमध्ये निवडणूक झाली, अनिल परब आणि ज. मो. अभ्यंकर आले. फक्त पदवीधर यादीत नाव आपणहून घालावं लागतं, दरवेळी नव्याने, आणि ते कोणी घालत नाही. मी घातलं ते नवऱ्याशी पैज लावून.

पाइपासाठी मात्र वरच्या काकांचंच ऐका.

---

नाव_नको_जेई | १० जुलै, दुपारी १.३०

मी कनिष्ठ अभियंता आहे, कुठल्या खात्यात ते सोडा. काकांनी आमचा रुमालापर्यंत बरोबर फोटो काढलाय. आमची बाजूही लिहितो.

घरगल्लीत उतरायचं म्हणजे आत माणूस जाईल एवढी वाट हवी. बहुतेक ठिकाणी तळमजल्यावाल्यांनी मोरी पुढे काढलेली असते, कोणी पत्रा टाकून सामान ठेवलेलं असतं, कोणी दार लावून कुलूप घातलेलं असतं. आम्ही येतो, कुलूप बघतो, ‘प्रवेश उपलब्ध नाही’ असा शेरा मारून जातो. शेरा खरा असतो. पाहणीच्या आधी तुमच्याच लोकांकडून वाट मोकळी करून घ्या, विशेषतः ज्यांच्या खिडकीला पडदा आहे त्यांच्याकडून नव्हे, ज्यांनी पत्रा टाकलाय त्यांच्याकडून. अर्जावर त्यांची सही नक्की असेल. पहिली असेल.

आणि वरचे संडास पाहणीच्या अर्धा तास आधीपासून बंद ठेवा. कृपया.

---

डोळस_मतदार | १० जुलै, दुपारी १.४१

शेवटची ओळ कोरून ठेवण्यासारखी.

---

परळची_सून | २३ जुलै, रात्री १०.५०

उशीर झाला, पण हकिकत सांगायची राहिली होती.

नवीन अर्ज केला. एक विषय, सहा ओळी, तीन फोटो. फूटपट्टी धरायला वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा गेला, त्याला कंपासपेटी नवी घेऊन द्यावी लागली. ११ तारखेला शुक्रवारी अर्ज दिला, शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तिथल्या काकूंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. त्यांनी पाणी विचारलं. मागच्या आठ आठवड्यांत पाणी कोणी विचारलं नव्हतं, पण तिथे तरी का विचारावं, मी त्यांची कोण होते.

अधिवेशन १८ ला संपलं. आमदार २१ ला स्वतः भेटले, अडीच मिनिटं. मी फक्त काकांचं वाक्य म्हटलं : दोन्ही यंत्रणांची संयुक्त पाहणी. ते माझ्याकडे जरा बघत राहिले आणि म्हणाले, “कोणी सांगितलं तुम्हाला हे?” मी म्हटलं, वाचलं कुठेतरी. पत्र दिलं. मी बाहेर येऊन जिन्यातच शेवटचं वाक्य वाचलं. ‘अहवाल मला दिनांक ३१ जुलैपर्यंत सादर करावा.’ काका, ‘मला’ आहे.

पाहणी उद्या अकराला.

जेईसाहेब, पत्रा निघाला. सही खरंच पहिली होती, चाळीचे माजी सेक्रेटरी. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच कोयती घेऊन आले आणि पत्र्यामागून एक शिवणयंत्र, सायकलचा सांगाडा आणि १९८२ च्या संपाच्या वेळचा युनियनचा फलक निघाला. मास्तर, फलक तुमच्यासाठी ठेवलाय, येऊन घेऊन जा.

आता अडचण वेगळी आहे. उद्या गटारी. चाळीतली अर्धी पुरुषमंडळी सकाळपासून ‘तयारीत’ असणार, आणि संडास साडेदहा ते बारा बंद ठेवायचे हे त्यांना सांगायचं काम सेक्रेटरीचं. नोटीस लिहून जिन्यात लावली होती, संध्याकाळी बघते तर खाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’.

माझ्या मापाचे गमबूट परळ-लालबागला रात्री साडेनऊनंतर कुठे मिळतील, कोणी सांगेल का?

---

बाळ्या_लालबाग | २३ जुलै, रात्री १०.५८

मापाचा नंबर टाका. आमच्या मंडळाच्या खोलीत विसर्जनाचे चार जोड आहेत.